निळ्या गाठीची तांबी

मी एक जुनी तांबी, म्हणजे कॉपर-टी, आहे. दवाखान्याच्या आतल्या खोलीत, हात धुण्याच्या बेसिनच्या वर एक काचेची फळी आहे. तिच्यावरच्या लहानशा बाटलीत मी राहते. तुमच्या करंगळीहूनही मी लहान आहे. पांढऱ्या प्लास्टिकचा एक दांडा, त्याच्या माथ्याशी दोन्ही बाजूंना पसरलेले दोन हात, दांड्याभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार आणि खाली लोंबणारे दोन दोरे, एवढाच माझा देह. त्या दोऱ्यांच्या टोकाला निळ्या सुताची एक गाठ आहे. ती कारखान्यात मारलेली नाही. ती एका बाईने आपल्या हाताने मारली, आणि आज मी बोलणार आहे ते तिच्याविषयीच.

मित्रांनो, आणि मैत्रिणींनो तुम्ही तर नक्कीच, जरा जवळ या. ही हकीकत गोड नाही. माझ्यासाठी एका बाईच्या पोटावर लाथा बसल्या. मी बाहेर पडावे म्हणून त्या मारल्या गेल्या. आणि त्या दुपारी मी तिच्या पोटात नव्हतेच. मी इथे, या फळीवर, खिडकीतून येणाऱ्या उन्हात चकाकत पडले होते.

माझा स्वतःचा जन्मही मारहाणीतलाच. तांब्याच्या जाड सळईला एका अरुंद भोकातून ओढून काढले, मग त्याहून अरुंद भोकातून, मग आणखी अरुंद. प्रत्येक वेळी अंगाची साल सोलली जावी तसे वाटे. वितळलेले प्लास्टिक पोलादी साच्यात कोंबले आणि साच्याने आपला जबडा मिटला. मग एका यंत्राने माझी तार माझ्याच दांड्याभोवती करकचून आवळली. अंगावरचा शेवटचा जंतू मेल्याची खात्री झाल्यावर मला पाकिटात बंद केले गेले. त्या अंधारात पडून मी एवढेच समजत होते की जगात येणे म्हणजे दाबले जाणे.

ज्या दिवशी माझे पाकीट फाडले गेले, त्या दिवशी खोलीत तिघे होते. एक सिस्टर, त्यांचा चष्मा नेहमी नाकाच्या शेंड्यावर असे आणि समोरच्याकडे चष्म्याच्या वरून पाहत. दुसरी ती. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती काजे करी, म्हणून तिथल्या बायका तिला काजवाली म्हणत, आणि तेच नाव दवाखान्यातही रुळले होते. तिच्या कॉलरला निळा दोरा ओवलेली सुई कायम टोचलेली असे. तिसरा तिचा नवरा. तो गॅरेजात गाड्यांच्या पत्र्याला पडलेले पोचे ठोकून सरळ करी. त्याला सगळे डेंटर म्हणत. त्याच्या मांडीवर काही महिन्यांची मुलगी झोपली होती.

त्या मुलीच्या जन्माच्या वेळी काजवाली मरता मरता वाचली होती. रक्त थांबेना, तेव्हा डॉक्टरबाईंनी मुठीने तिचे गर्भाशय दाबून धरले होते. चादर भिजली, गादी भिजली, खाली फरशीवर थारोळे साचले. मूल रडले तेव्हा ती बेशुद्ध होती. पहिल्यांदा तिने लेकीला पाहिले ते दुसऱ्या दिवशी, आणि तेही सासूबाईंच्या हातात.

"तीन वर्षं तरी दुसरं नको," सिस्टर म्हणाल्या. "मग हवं असेल तर खुशाल. आता काय वापरायचं ते तू ठरव. गोळ्या आहेत. रोज एक. बंद केल्या की थोड्याच दिवसांत पाळी वळणावर येते आणि दिवस राहू शकतात."

"रोज आठवणीनं?" काजवाली हसली. "गॅसवर दूध ठेवलंय हे माझ्या ध्यानात राहत नाही, सिस्टर!"

"मग इंजेक्शन. तीन महिन्यांनी एकदा. पण ते थांबवल्यावर अंगातून उतरायला वेळ लागतो. कुणाला सहा महिने, कुणाला वर्ष, कुणाला थोडं जास्तही. मूल होत नाही असं नव्हे, उशीर होतो. ऑपरेशन म्हणजे मात्र दार बुजवणं. पुन्हा उघडेल या भरवशावर ते करायचं नाही. आणि ही तांबी. आत आहे तोवर बीजाची वाट अडवते. काढली की तू पूर्वी होतीस तशी. लगेचच्या महिन्यातसुद्धा दिवस राहू शकतात. फक्त ताप आला, खाली घाण वास यायला लागला, पोट दुखायला लागलं, तर त्याच दिवशी यायचं. आत जंतू शिरले आणि अंगावर काढलं, तर पुढे मूल राहायला अडचण येते. तांबीनं नाही, हयगयीनं."

"म्हणजे मला काही करावं लागणार नाही ना?" डेंटरने विचारले.

"तुमच्यासाठीही सोय आहे. निरोध आहे, छोटंसं ऑपरेशन आहे."

"नको नको! ठोकायचं ते गाडीला, सिस्टर. मालकाला कुणी ठोकतं का?"

तो आपल्याच विनोदावर खदखदून हसला. काजवालीही हसली. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी माझे दोन्ही हात मुडपून मला बारीक नळीत सरकवले.

मित्रांनो, गर्भाशय ही एक मूठ आहे. परकी वस्तू आत आली की ती मूठ आवळते. पहिले काही महिने तिने मला चिरडण्याचा, पिळून बाहेर फेकण्याचा प्रयत्न केला. पाळीच्या दिवसांत रक्ताचा लोंढा येई आणि त्यात मी दांड्यासकट हेलकावत असे. "मेली चावते," असे ती मशीनवर बसून मला शिव्या देई, आणि मी शरमून जाई. मी तिच्या रक्षणासाठी आले होते आणि तिला दुखवत होते. पुढे हळूहळू ती मूठ सैल झाली. तिला माझी सवय झाली, मला तिची. शिवणयंत्राची धडधड तिच्या हाडांतून झिरपत माझ्यापर्यंत येई. लेक मांडीवर उड्या मारी तेव्हा माझे छप्परच हाले. शेजारच्या खोलीतले बोलणे भिंतीतून ऐकू यावे तसे त्या घरातले बोलणे मला ऐकू येई. डेंटरचा आवाज चढे, भांडे आपटे, दार आपटे. हात उगारला जाई, पण अजून पडत नसे.

तीन वर्षे सरली. मला काढून घ्यायचे तिने स्वतः ठरवले. घरात नातवाची भुणभुण होतीच. तिचे कारण मात्र वेगळे होते. ते तिने टेबलावर आडवे होता होता सिस्टरना सांगितले. "पहिल्या वेळी माझे डोळे मिटले होते. माझी पोर जगात आली आणि मी पाहिलंच नाही हो. आता एकदा डोळे उघडे ठेवायचेत. बाहेर येताना बघायचंय मला."

सिस्टरनी दोरे पकडले. एक झटका, एक कळ, आणि मी उजेडात आले.

या सिस्टरांची एक रीत होती. अंगातून जे काढले, ते बाईला दाखवायचे, आणि तिच्यासोबत जे कुणी आले असेल त्यालाही दाखवायचे. "डोळ्यांनी पाहिलं नाही तर मन ते आतच ठेवतं," असे त्या म्हणत. त्या दिवशी सोबत सासूबाई आल्या होत्या. बाहेरच्या बाकावरून त्यांना आत बोलावले. सिस्टरनी कापसावर ठेवून मला पुढे धरले.

"या आजी, बघा. निघाली."

"शी! झाका ते आधी!" सासूबाईंनी दोन्ही तळव्यांनी डोळे झाकले आणि तोंड भिंतीकडे फिरवले. "बाईच्या अंगातलं असलं काय बघायचं? लाज नाही की शरम नाही!"

"एकदा बघून घ्या हो."

"तुम्ही पाहिलंत ना? झालं तर मग."

काजवाली टेबलावर पडल्या पडल्या फिदीफिदी हसत होती. मग तिने कॉलरची सुई काढली, सिस्टरांकडून मला मागून घेतले आणि माझ्या दोन दोऱ्यांच्या टोकाशी काजाला घालतात तसे निळे टाके घातले. एकाला एक बिलगून बसलेले, शेवटी उलट्या फासाची गाठ. "माझ्या हाताची खूण," ती म्हणाली. "बाकीच्या बाया घाबरतात ना, त्यांना दाखवायला ठेवा हिला. म्हणावं, एवढीशीच असते." सिस्टरनी मला जंतुनाशकात घातले, धुतले आणि या बाटलीत ठेवले.

तिथून माझे फळीवरचे आयुष्य सुरू झाले. बायका मला पाहून नवल करीत, हसत, कधी बाटली हातात घेऊन हलवून बघत. तो माझा कौतुकाचा काळ. आणि त्याच काळात त्या बाटलीतून मी काजवालीला हळूहळू काळवंडताना पाहिले.

पहिल्यांदा ती आली तेव्हा तीन महिने झाले होते. "राहत नाही हो, सिस्टर." सिस्टरनी समजावले, "तांबीचा काही अंमल मागे उरत नाही. पण तांबी न बसवलेल्या बाईलाही लगेच दिवस राहतातच असं कुठं आहे? चांगल्या धडधाकट जोडप्याला वर्षसुद्धा लागू शकतं. वर्ष झालं तर दोघं या. दोघांना तपासू."

दुसऱ्यांदा आली तेव्हा डाव्या गालावर बोटे उमटलेली होती. पाळी चार दिवस लांबली होती; तिने हर्षाने घरात सांगितले होते, आणि पाचव्या दिवशी रक्त गेले होते. "खोटारडी म्हणाला. आशा लावून फसवते म्हणाला."

"त्याला तपासायला घेऊन ये."

"म्हटलं मी. म्हणाला, माझ्यात खोट काढतेस? आणि मग दुसरा गाल."

सिस्टरनी तिला फोन नंबर दिले, कुठे तक्रार करायची ते सांगितले, इथेच थांब म्हणाल्या. तिने मान हलवली. "पोर घरी आहे."

तिसऱ्यांदा ती आली तेव्हा तिची करंगळी वाकडी बांधलेली होती आणि सुई कॉलरला नव्हती. आता घरात एक नवीनच गोष्ट जन्माला आली होती. कुणीतरी सासूबाईंना सांगितले होते की तांबी एकदा आत गेली की निघतच नाही. ती वर वर चढते आणि गर्भाला खाते. सासूबाई म्हणाल्या, बरोबर आहे, मी कुठे ती निघालेली पाहिली? दाखवतो म्हणाले खरे, पण दाखवले काय ते देव जाणे.

"तुम्हीच डोळे झाकलेत, आई, असं म्हटलं मी," काजवाली म्हणाली, "तर त्या म्हणाल्या, मोठ्या माणसांना उलटून बोलतेस?"

"त्यांना उद्या घेऊन ये. मी बाटली समोर ठेवते."

"येत नाहीत. म्हणतात, त्या बाईकडे असल्या पन्नास बाटल्या असतील."

माझ्या बाटलीत मी ओरडले, मी आहे, मी इथे आहे! पण प्लास्टिकला आवाज नसतो.

पुढचे जे घडले ते तिने सिस्टरना याच खोलीत, तुटक तुटक, दातांतून सांगितले. सुट्टीचा दिवस होता. दुपारची वेळ. पाळी चुकून दोन महिने झाले होते. या खेपेला तिने कुणाला सांगितले नव्हते. मागच्या आशेचे वळ अजून गालाला आठवत होते. पक्की खात्री झाली की मगच सांगायचे, असे ठरवून दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात येणार होती.

त्या दुपारी सासूबाईंनी पोट चोळणारी एक बाई घरी आणली. तांबी चोळून खाली उतरवते, अशी तिची ख्याती होती. डेंटरने लेकीला न्हाणीघरात कोंडून बाहेरून कडी घातली आणि बायकोला फरशीवर आडवे पाडले. सासूबाईंनी पाय धरले, त्याने हात धरले. ती बाई गुडघ्यावर बसली आणि दोन्ही मुठींनी पोट रगडू लागली.

"निघालीय हो ती! केव्हाच निघालीय!" काजवाली किंचाळत होती. "आणि मला दिवस गेलेत! दोन महिने झाले! सोडा मला!"

"मागच्या वेळी पण हेच सांगितलंस," डेंटर म्हणाला.

"लागतंय हाताला काहीतरी," ती बाई म्हणाली. "कडक आहे. खाली येत नाही."

तेव्हा तो उभा राहिला. गॅरेजात तो नवशिक्यांना शिकवी की आतून ठोकल्याशिवाय पोचा निघत नाही. इथे त्याला आत शिरता येत नव्हते, म्हणून त्याने बाहेरून ठोकले. टाचेने. पहिली लाथ बेंबीखाली बसली. "निघ!" तो म्हणाला. दुसरी. "निघ बाहेर!" तो तिला म्हणत नव्हता, मला म्हणत होता. तिसऱ्या लाथेला पोट चोळणारी बाई उठून पळाली. चौथीला सासूबाईंनी पाय सोडले. न्हाणीघराच्या दारावर आतून लहान लहान थापा पडत राहिल्या. मग फरशीवर रक्त पसरले आणि तो थांबला, आणि वाकून, मित्रांनो, त्या रक्तात बोटे घालून मला शोधू लागला.

तो शोधत होता तेवढ्यात तिने न्हाणीघराची कडी काढली आणि लेकीला कडेवर घेऊन ती रस्त्यावर आली. एका रिक्षावाल्याने तिला इथवर आणले. सुट्टी असूनही डॉक्टरबाई धावत आल्या. तिला पडद्यामागच्या खाटेवर घेतले. जे सांगायचे ते सांगून झाल्यावर ती फक्त कण्हत राहिली.

तासाभराने बाहेर आरडाओरडा झाला. डेंटर आला होता, हातात पत्रा ठोकायचा हातोडा होता. मागे सासूबाई होत्या.

"माझी बायको कुठंय? काय घातलंत तिच्या पोटात? काढा ते! माझ्यासमोर काढा!"

"आवाज खाली," सिस्टर म्हणाल्या. "ते काढून किती दिवस झाले. ते तिथं आहे. फळीवर."

त्याने फळीकडे पाहिले आणि हातोडा फिरवला. काच फुटण्याचा तो आवाज मी कधी विसरणार नाही. औषधांच्या बाटल्या, चिमटे, ट्रे, सगळे एकदम कोसळले. उडालेली काच सिस्टरांच्या कपाळात घुसली. चष्मा पडला, रक्त भुवईवरून ओघळले. त्यांनी हात पुढे केला तर दुसरा घाव मनगटावर बसला आणि हाड मोडल्याचे मी ऐकले. माझी बाटली जमिनीवर आपटून शतखंड झाली. मी काचांतून घसरत गेले आणि सासूबाईंच्या चपलेशी जाऊन थांबले.

"आजी," सिस्टर भिंतीला टेकून म्हणाल्या, "ती तुमच्या पायाशी पडलीय. आता तरी बघा."

सासूबाई वाकल्या. त्यांनी मला चिमटीत उचलले. माझा दांडा त्यांना ओळखू येणे शक्य नव्हते. पण दोऱ्यांच्या टोकाशी निळे टाके होते, एकाला एक बिलगलेले, शेवटी उलट्या फासाची गाठ. त्यांच्या स्वतःच्या बाहीला तशाच टाक्यांची दोन काजे होती. गेल्या हिवाळ्यात सुनेनेच घालून दिलेली. त्यांनी बाही डोळ्यांजवळ नेली, मग मला नेले, मग पुन्हा बाही.

"ही गाठ तिचीच आहे," त्या म्हणाल्या.

"ही कुणाचीही असेल, आई! फसवतायत!"

"गप्प बस. टाका कळतो मला." त्यांनी सिस्टरकडे पाहिले. "कधी घातली?"

"तुम्ही डोळे झाकलेत ना, त्याच दिवशी."

पडदा बाजूला करून डॉक्टरबाई बाहेर आल्या. त्यांचे हातमोजे कोपरापर्यंत लाल होते. त्यांनी हातोडा पाहिला, सिस्टरांचे मनगट पाहिले, आणि अगदी हळू बोलल्या. "तिला दिवस गेले होते. दोन महिन्यांचा गर्भ होता. आता नाही. तिचा जीव वाचलाय."

डेंटरच्या हातातून हातोडा गळून पडला. सासूबाई काचांतच बसल्या आणि दोन्ही मुठींनी आपल्याच डोळ्यांवर मारू लागल्या. दण्, दण्, जणू त्या दिवशीचे ते तळवे आता फोडून काढायचे होते.

पडद्याआडून आवाज आला. फार क्षीण होता, पण खोलीतल्या प्रत्येकाला ऐकू गेला.

"आता कशाला झाकता, आई? बघा."

पोलीस आले आणि डेंटरला घेऊन गेले. सासूबाई पुन्हा एकदाच आल्या, एकट्या. नव्या फळीवर नवी बाटली होती. त्यांनी ती दोन्ही हातांत धरून खूप वेळ पाहिली. "एवढीशी," असे म्हणाल्या आणि गेल्या.

काजवाली आता कारखान्याच्या मागच्या गल्लीत, एका मैत्रिणीच्या माडीवर लेकीसह राहते. जखमा भरून आल्यावर ती तपासणीला आली. सिस्टरांचा हात अजून प्लास्टरमध्ये होता. त्या तिच्या पोटाच्या सोनोग्राफीची चित्रे डाव्या हाताने धरून उजेडात बघत होत्या.

"पुन्हा राहील का हो मला?"

"सगळं नीट दिसतंय. राहील."

काजवालीच्या कॉलरला सुई परत आली होती. तिच्याशी ती बोटाने चाळा करीत होती. मग म्हणाली, "आत्ता नको. पण हवं तेव्हा हवंय. आणि डोळे उघडे ठेवून."

जाण्यापूर्वी तिने मला बाटलीतून काढायला लावले. पडझडीत एक टाका सुटला होता. तिने वाकड्या करंगळीनिशी तो पुन्हा घातला.

मित्रांनो, मी राखण करते आणि सांगितले की निघून जाते. माझ्यामागे पोटात माझे काहीही उरत नाही. पण माणसांच्या मनात मी राहू शकते, आणि तिथून मला कोणतीही सिस्टर दोरा ओढून काढू शकत नाही. म्हणून उद्या तुमच्या घरात, तुमच्या बहिणीसाठी, वहिनीसाठी, बायकोसाठी असा प्रश्न आला, तर विचारा, सोबत जा, स्वतःलाही तपासून घ्या. आणि कुणी कापसावर ठेवून काही पुढे धरले, तर किळस आली तरी, लाज वाटली तरी, तेवढा क्षणभर तोंड भिंतीकडे फिरवू नका.